पाळणाघरातलं मूल आणि जंतनाशक दिनाची गोळी: काय मिळतं, काय राहून जातं

अंगणवाडीत वर्षातून दोनदा मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी ही लहान मुलांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवांमधली एक चोख सेवा आहे. फुकट आहे, घराजवळ आहे, सुरक्षित आहे. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाच्या आईबाबांनी ती चुकवू नये, हे आधीच सांगून टाकतो. पण दोन-अडीच वर्षांच्या मुलाला पाळणाघरात जे पोटाचं दुखणं फिरून फिरून होतं, त्यातलं बरंचसं या गोळीच्या आवाक्यात येत नाही. ‘फेब्रुवारीत जंताचं औषध झालंय, मग परत कसं काय?’ या प्रश्नाचं उत्तर गोळीपेक्षा डायपर बदलायच्या टेबलावर, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी आणि लॅबमध्ये द्यायच्या डबीत जास्त सापडतं. म्हणून इथे नुसत्या गोळीचं परीक्षण करून थांबलो नाही. दुकानातलं औषध, शीची तपासणी आणि खुद्द पाळणाघर यांच्याकडेही त्याच नजरेने पाहिलं आहे.

सेवा कशी चालते

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या ठरलेल्या तारखा. त्या कधीकधी पुढेमागे होतात, त्यामुळे पंधरवडाभर आधी अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारून ठेवावं. ज्या मुलाला त्या दिवशी ताप असेल, जुलाब चालू असतील किंवा जे आलंच नसेल, त्याच्यासाठी साधारण आठवड्याने दुसरा दिवस असतो; त्याला मॉप-अप दिन म्हणतात. १ ते १९ वर्षांपर्यंत सगळ्यांना गोळी मिळते, शाळेतल्यांना शाळेत आणि लहानग्यांना अंगणवाडीत. गोळी घरी नेऊ देत नाहीत, समोरच द्यायची असा नियम आहे आणि तो योग्य आहे. हातात दिलेली गोळी घरी फडताळावर पडून राहते, नाहीतर थोरल्या भावाच्या डोसाने धाकट्याला दिली जाते.

खासगी पाळणाघराची अडचण मात्र पहिल्याच पायरीला येते. हे मूल शाळेच्या पटावर नाही आणि अंगणवाडीच्याही नाही. आशाताई घरोघर यादी करायला येतात तेव्हा आईबाबा कामावर, मूल पाळणाघरात आणि दाराला कुलूप. नाव नोंदवलेलं नसलं तरी अशा मुलाला जवळच्या अंगणवाडीत गोळी मिळायला हवी, तशी तरतूद कार्यक्रमातच आहे. पण ही गोष्ट पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना ठाऊक नसते आणि आईबाबांना तर नसतेच. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. अशा पाळणाघरांनी आपल्या भागातल्या आरोग्य केंद्राला मुलांची वयानुसार यादी आधीच पाठवावी. एक कागद पाठवण्याचं काम आहे, आणि त्यावाचून ही मुलं सेवेच्या बाहेर राहतात याचं वाईट वाटतं.

डोस, आणि द्यायची रीत

वर्षाच्या आतल्या बाळाला गोळी नाही. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, चुरून पाण्यातून. २ ते ३ वर्षांच्या मुलाला पूर्ण ४०० मिलिग्रॅमची गोळी, पण तीही चुरून पाण्यातूनच. तीन वर्षांपुढच्या मुलाने पूर्ण गोळी चावून खायची. आख्खी गिळायची कुणीच नाही, अठरा वर्षांच्या मुलानेसुद्धा नाही.

पाळणाघराच्या वयासाठी सगळं काही या चुरण्यावर आहे, म्हणून ते नीट सांगतो. दोन स्वच्छ, कोरडे स्टीलचे चमचे घ्यायचे. गोळी एका चमच्याच्या खोलगट भागात ठेवायची, दुसऱ्या चमच्याची पाठ तिच्यावर टेकवायची आणि अंगठ्याने दाबत फिरवायची. गोळी आधी दोन-तीन तुकड्यांत फुटते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि चूक होते ती इथेच, कारण ते तुकडे दोन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकण्याइतके मोठे असतात. रव्याची कणी हाताला लागणार नाही, पिठी होईल, इतकं चुरायचं. मग चमचाभर पिण्याचं पाणी घालून ढवळून लगेच पाजायचं. अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, पाच मिनिटं ठेवलं की तळाशी बसतं. चमच्याला चिकटलेला साका आणखी थोड्या पाण्याने विसळून तोही पाजायचा, नाहीतर अर्ध्या गोळीतला बराच भाग चमच्यावरच राहून जातो.

मूल मांडीवर किंवा पाटावर बसतं हवं, आडवं नको. रडत असेल तर शांत होऊ द्यावं. नाक दाबून, हात धरून औषध ओतणं धोक्याचं आहे. हुंदक्याबरोबर ते श्वासनलिकेत जातं. तरीही ठसका लागला आणि श्वास अडकला, तर मुलाला गुडघ्यावर पालथं घेऊन, डोकं छातीपेक्षा खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताच्या टाचेने थापा मारायच्या. गोळी देणाऱ्या प्रत्येक ताईला आणि मावशीला हे यायलाच हवं.

उपाशीपोटी द्यायची गरज नाही. आधी एरंडेल देऊन पोट साफ करायचीही गरज नाही. ती जुन्या औषधांची रीत होती. काही मुलांना थोडी मळमळ, पोटात दुखणं, एखादी उलटी किंवा पातळ शी होते. पोटात जंत जास्त असतील तर हे जास्त दिसतं आणि काही तासांत थांबतं. दुसऱ्या दिवशी शीमध्ये जंत दिसले नाहीत म्हणून औषध फुकट गेलं असं समजू नये. मेलेले जंत बरेचदा आतड्यातच विरून जातात.

गोळी कुणाला मारते, कुणाला नाही

ही गोळी मुळात मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे. गांडुळासारखा लांब गोलकृमी तिच्या एका डोसाने दहापैकी नऊहून जास्त जणांत जातो. रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीवर ती चांगली चालते. चाबूककृमीवर मात्र एका डोसाचा परिणाम कमजोर आहे. जेमतेम एकतृतीयांश मुलंच पूर्ण मोकळी होतात. वर्षातून दोन फेऱ्या ठेवण्यामागचं कारण असं की औषध अंगात टिकून पुढचा जंत अडवत नाही. माती तीच, हात तेच, तर सहा महिन्यांत जंत पुन्हा येतात.

या गोळीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात अंगणवाड्यांमार्फत सुमारे १० लाख लहान मुलांवर मोठा अभ्यास झाला. त्यात दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल दिलं गेलं. तो २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शीमध्ये जंतांची अंडी सापडणाऱ्या मुलांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, पण वजनात आणि उंचीत म्हणावा तसा फरक दिसला नाही. तेव्हा ‘गोळी दिली, आता भूक लागेल, अंगाला लागेल’ असं गृहीत धरून वजनाचा तक्ता बाजूला ठेवू नका. वजन सलग दोन-तीन महिने जागच्या जागी असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, गोळी झालेली असो वा नसो.

आता पाळणाघराचा मुद्दा. गोलकृमीचं अंडं शीतून बाहेर पडतं तेव्हा ते लागण करू शकत नाही; ओलसर मातीत दोन-तीन आठवडे पडून राहिल्यावरच त्यात अळी तयार होते. अंकुशकृमीची अळी मातीतून अनवाणी पायात शिरते. म्हणजे फरशीच्या, संडास-न्हाणीघर असलेल्या पाळणाघरात एका मुलाकडून दुसऱ्याला थेट हे जंत लागत नाहीत. मागच्या अंगणात उघड्यावर शी होत असेल किंवा वाळूचा हौद उघडा असेल तर गोष्ट वेगळी.

पाळणाघरात हातोहात पसरणारे परजीवी निराळे आहेत. पहिला जिआर्डिया. तो जंत नाही, एकपेशीय जीव आहे. कवचात बंद होऊन शीतून बाहेर पडतो. त्या कवचबंद रूपाला सिस्ट म्हणतात. तो बाहेर पडल्या क्षणापासून लागण करू शकतो आणि दहा सिस्टसुद्धा पुरतात. दुसरा सुतासारखा बारीक पांढरा जंत, पिनवर्म. त्याची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन हजारो अंडी घालते आणि ती चार-सहा तासांत लागण करायला तयार होतात. तिसरा क्रिप्टोस्पोरिडियम, हाही जुलाब करणारा एकपेशीय जीव, जो क्लोरीनलाही दाद देत नाही. चौथा बुटका पट्टकृमी, हायमेनोलेपिस नाना, हाही शीतून थेट दुसऱ्याच्या तोंडात जाऊ शकतो.

अल्बेंडाझोलचा एक डोस जिआर्डियाला पुरत नाही. तेच औषध सलग पाच दिवस दिलं तर चालतं, पण जंतनाशक दिनाला ते तसं देत नाहीत, देणं अपेक्षितही नाही. पिनवर्मवर एक डोस चालतो, पण अंड्यांवर नाही. दोन आठवड्यांनी दुसरा डोस दिला नाही तर मधल्या काळात फुटलेल्या अंड्यांतून सगळं पहिल्यासारखं होतं. क्रिप्टोस्पोरिडियमवर या गोळीचा उपयोग नाही. बुटक्या पट्टकृमीला प्राझिक्वान्टेल लागतं.

ओळखायचं कसं

जिआर्डियाची शी एकदा पाहिली, हुंगली की विसरत नाही: फिकट, तेलकट, फेसाळ, भांड्याला चिकटणारी, पाण्यावर तरंगणारी आणि सडक्या अंड्यासारख्या वासाची. रक्त नसतं, ताप सहसा नसतो. पोट ढोलकीसारखं फुगतं, गॅस फार. दोन दिवस बरं, पुन्हा तीन दिवस बिघाड, असं आठवडेच्या आठवडे चालतं. लागण झाल्यापासून हे सुरू व्हायला साधारण आठवडा लागतो, कधी तीन आठवडेही. म्हणून ‘काल काय खाल्लं’ यात कारण सापडत नाही.

पिनवर्ममध्ये रात्री गुदद्वाराशी खाज येते, मूल झोपेत चुळबुळ करतं, मुलींना पुढच्या बाजूलाही खाज येते. झोपेत दात खाणं हे जंतांचं लक्षण मानायची आपल्याकडे पद्धत आहे, त्याला फारसा आधार नाही. गोड खाल्ल्याने जंत होतात हेही खरं नाही. गूळ खाणाऱ्या मुलाला उगाच बोलणी बसतात आणि न धुतलेले हात सुटून जातात.

शीची तपासणी: सेवा बरी, वापर चुकीचा

‘स्टूल रूटीन’ ही तपासणी स्वस्त आहे, जवळपास प्रत्येक लॅबमध्ये होते, आणि तरीही जिआर्डिया निसटतो. कारण सिस्ट रोज पडत नाहीत. एका नमुन्यात काही सापडलं नाही याचा अर्थ ‘त्या दिवशी सापडलं नाही’ एवढाच. एक दिवसाआड असे तीन नमुने दिले तर शक्यता खूप वाढते. लॅबला ‘कॉन्सन्ट्रेशन पद्धतीने बघा’ असं डॉक्टरांकडून लिहून न्यावं; त्यात नमुना गाळून आणि फिरवून सिस्ट एकत्र गोळा करतात. मोठ्या लॅबमध्ये जिआर्डिया अँटिजेनची, म्हणजे शीतले जिआर्डियाचे अंश ओळखणारी चाचणी मिळते, ती एका नमुन्यातही जास्त भरवशाची आहे.

नमुना बिघडतो तो घरीच. डायपरमधली जेल शीतलं पाणी शोषून घेते, म्हणून डायपरमधून खरवडून दिलेला पातळ शीचा नमुना निरुपयोगी. डायपर उलटा, म्हणजे प्लास्टिकची बाजू आत करून बांधावा, किंवा आत स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा अंथरावा. पॉटी वापरत असाल तर फिनाइल न लावता साध्या साबणाने धुऊन कोरडी करून घ्यावी. शू मिसळू देऊ नये. सुपारीएवढी घट्ट शी किंवा दोन चमचे पातळ शी पुरे. रुंद तोंडाची कोरडी डबी, झाकण घट्ट, वर नाव आणि वेळ. पातळ शी अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचायला हवी, कारण त्यातले जिवंत, हलणारे जिआर्डिया लवकर मरतात आणि मग ओळखू येत नाहीत. घट्ट शी फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, काही तास ठेवता येते. नमुना औषध सुरू करण्याआधी द्यावा. जिआर्डियावर देतात त्या मेट्रोनिडाझोलचे दोन चमचे पोटात गेल्यावर केलेल्या तपासणीवर विसंबता येत नाही.

रिपोर्ट वाचताना एक घोटाळा वारंवार होतो. ‘ई. कोलाय’ असं लिहिलेलं असतं आणि घरचे घाबरतात. त्यातला एक एन्टामिबा कोलाय असतो, तो निरुपद्रवी आहे, त्याला औषध लागत नाही. एश्चेरिचिया कोलाय हा जीवाणू वेगळाच. एन्डोलिमॅक्स नाना हाही निरुपद्रवी. पण अशा नावांचा एक उपयोग आहे: मुलाच्या तोंडात कुठून तरी शीचा अंश जातोय, हे त्यांवरून कळतं. औषध मुलाला नको, पण पाण्याची आणि हातांची चौकशी व्हायला हवी.

पिनवर्म शीच्या तपासणीत बहुधा दिसतच नाही, कारण अंडी बाहेर कातडीवर असतात. त्याला चिकटपट्टीची तपासणी लागते. सकाळी मूल उठल्याबरोबर, शी-अंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू गुदद्वाराच्या घडीवर दाबून उचलायची आणि काचेच्या स्लाइडवर चिकटवायची. दुधी रंगाची टेप नको, तिच्यातून सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नाही. सलग तीन सकाळी केलं तर दहापैकी नऊ वेळा सापडतो, एका सकाळी केलं तर निम्म्या वेळाच. मग स्वतःचे हात साबणाने धुवायचे, नखांसकट.

दुकानातलं औषध

अंगणवाडीची गोळी चुकली तर मेडिकलमध्ये अल्बेंडाझोलचं पातळ औषध मिळतं. १० मिलिलिटरची छोटी बाटली, त्यात बहुधा ४०० मिलिग्रॅम. म्हणजे दोन वर्षांपुढच्या मुलाला एक बाटली, १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी. चुरण्याची कटकट नाही, ठसक्याची भीती कमी. या वयासाठी आम्हाला हाच प्रकार जास्त पसंत आहे. बाटली भरपूर हलवून घ्यावी, औषध तळाशी बसलेलं असतं. न हलवता वरचं अर्धं दिलं तर डोस कमी पडतो, आणि उरलेलं दुसऱ्याला दिलं तर त्याला जास्त जातो.

बाटलीवरची नावं मात्र नीट वाचा. नावापुढे ‘प्लस’ लिहिलेल्या काही बाटल्यांत अल्बेंडाझोलसोबत आयव्हरमेक्टिन असतं. आयव्हरमेक्टिन १५ किलोच्या आतल्या मुलांना देत नाहीत आणि पाळणाघरातली बहुतेक मुलं १५ किलोच्या आतलीच असतात. दुकानदाराने पुढे केलेली बाटली न वाचता घेऊ नका. जुलाबावर ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेलं पातळ औषध दुकानातून परस्पर आणायची सवयही वाईट आहे. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात. त्यांना ओआरएस आणि सहा महिन्यांपुढच्या मुलाला १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक लागतं, हे जोडऔषध लागत नाही.

जिआर्डिया ठरल्यावर डॉक्टर मेट्रोनिडाझोल पाच ते सात दिवस देतात किंवा निटाझॉक्सानाइड तीन दिवस. डोस वजनावर ठरतो, तो त्यांनीच ठरवावा. मेट्रोनिडाझोल कडू आणि धातूसारख्या चवीचं असतं, मुलं थुंकतात. तिसऱ्या दिवशी शी बांधून आली की घरचे औषध थांबवतात आणि दोन आठवड्यांनी सगळं परत येतं. निटाझॉक्सानाइड जेवणासोबत द्यायचं असतं, रिकाम्या पोटी ते पुरेसं शोषलं जात नाही.

औषध पूर्ण झाल्यावरही काही मुलांना दूध प्यायल्यावर पातळ होतं. आतड्याच्या अस्तराला इजा होऊन दुधातली साखर काही आठवडे पचत नाही, त्याचा हा परिणाम. त्याला औषध लागू पडलं नाही असं समजून दुसरा कोर्स दिला जातो, ते चूक. थोडे दिवस वरच्या दुधाऐवजी दही-ताक द्यावं. आईचं दूध चालू असेल तर ते थांबवू नये.

वावडिंगाचं पाणी, बाळगुटी हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. वावडिंगाला कृमिघ्न म्हणतात, पण जिआर्डिया किंवा पिनवर्म त्याच्या भरवशावर सोडू नये. गुटी उगाळायचीच असेल तर सहाण दरवेळी उकळत्या पाण्याने धुऊन, उगाळायचं पाणीही उकळलेलंच घ्यावं. ओल्या, न धुतलेल्या सहाणेवरून जे पोटात जाईल ते गुटीपेक्षा वेगळं असेल.

पाळणाघर कसं पारखावं

भिंतीवरची चित्रं आणि एसी नंतर बघा. पहिला प्रश्न विचारा: स्वयंपाक कोण करतं आणि डायपर कोण बदलतं? दोन्हींचं उत्तर एकच मावशी असेल तर तिथे पोटाचे आजार फिरत राहतील. माणसं कमी आहेत हे खरं असतं, पण निदान खाऊ वाढण्याचं काम दुसऱ्या हातात द्यायला हवं.

डायपर बदलताना प्रत्यक्ष उभं राहून बघा. सगळं सामान आधी हाताशी काढलेलं हवं, म्हणजे मळक्या हाताने कपाट उघडावं लागत नाही. पुसणं पुढून मागे. घाण डायपर झाकणाच्या, पायाने उघडणाऱ्या डब्यात. मग मुलाचे हात धुणं, ही पायरी जवळजवळ सगळीकडे गाळली जाते. मूल हात खाली नेतं, चादरीला लावतं आणि तेच बोट तोंडात घालतं. त्यानंतर टेबलाचं रेक्झिन साबणाने धुणं, मग जंतुनाशक, आणि शेवटी मावशीचे स्वतःचे हात वीस सेकंद साबण-पाण्याने. क्रम महत्त्वाचा आहे. शीचा अंश असताना वरून ब्लीच ओतलं तर ब्लीच त्या घाणीतच संपतं. आधी धुवायचं, मग ब्लीच, आणि ते काही मिनिटं ओलं राहू द्यायचं. फिनाइलचा वास येतो म्हणून सिस्ट मेले असं होत नाही.

दारात सॅनिटायझरची बाटली ठेवून समाधान मानणारी पाळणाघरं करोनानंतर वाढली आहेत. अल्कोहोल क्रिप्टोस्पोरिडियमला मारत नाही, आणि जिआर्डियासाठीही त्यावर भरवसा ठेवता येत नाही. साबण आणि वाहतं पाणी हातावरचे सिस्ट धुऊन खाली नेतात, उपाय तोच. सगळ्यांना एकच नॅपकिन असेल तर धुतलेले हात पुन्हा तिथल्या तिथे मळतात.

पाण्याकडे बघा. आरओ मशीन आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, मशीनमधून निघालेलं पाणी कशात साठवतात ते बघा. तोटी नसलेल्या पिंपात मावशी पेला बुडवतात तेव्हा त्यांची बोटं पाण्यात जातात, आणि थोड्या वेळापूर्वी त्याच बोटांनी डायपर बदललेला असू शकतो. तोटीचं पिंप, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं आणि ते टांगायला खुंटी, एवढा खर्च कुणालाही परवडतो. मशीन नसेल तर पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळलं की सिस्ट मरतात.

तोंडात गेलेली खेळणी वेगळ्या टोपलीत टाकायची आणि रोज साबणाने धुऊन उन्हात कोरडी करायची. कोरडं पडणं सिस्टला सोसत नाही. सुती लंगोट पाळणाघरात विसळू नयेत, पिशवीत बांधून घरी द्यावेत आणि घरी उकळून धुवावेत. मे महिन्यात हवा भरून केलेल्या हौदात डायपर घातलेली पाच-सात मुलं एकत्र बसवतात. तो प्रकार बंदच करावा, त्यातलं पाणी अर्ध्या तासात सगळ्यांच्या तोंडात गेलेलं असतं. वाळूचा हौद रात्री झाकलेला हवा, मांजरं तिथेच शी करतात.

एका मुलाला जिआर्डिया निघाला की सगळ्या मुलांची तपासणी आणि सगळ्यांना औषध, असा घोळ करू नये. ज्यांना त्रास आहे त्यांचीच तपासणी, त्यांनाच उपचार. काहीच त्रास नसलेल्या मुलाच्या शीत सिस्ट निघाले तर सहसा औषध देत नाहीत. घरात गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. पिनवर्ममध्ये उलट आहे: घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, पण गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जुलाब चालू असलेल्या मुलाला घरीच ठेवावं, आणि जुलाब थांबल्यावर पूर्ण एक दिवस गेल्याशिवाय पाळणाघरात पाठवू नये. क्रिप्टोस्पोरिडियम झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पोहण्याच्या तलावात नेऊ नये. पिनवर्म निघालेल्या मुलाला मात्र घरी बसवायची गरज नाही. पहिला डोस द्यायचा, नखं बारीक कापायची, रात्री घट्ट चड्डी घालायची, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ घालायची, अंथरुण-पांघरुण न झटकता गुंडाळून गरम पाण्यात टाकायचं, आणि मूल त्याच दिवशी पाळणाघरात जाऊ शकतं.